वर्षाचा तांदूळ, आमचा पावसाळा आणि शेवटी टिकलेली पिशवी

परवा, दिवाळीचा फराळ संपला त्या आठवड्यात, जानेवारीत भरलेल्या पिशव्यांपैकी पहिली पिशवी कापली. पाच किलो इंद्रायणी. कात्रीनं वरची पट्टी कापली तशी घट्ट बसलेली पिशवी सैल पडली आणि वास आला, सुगी झाल्यावर मिलमधून तांदूळ घरी आणतो ना त्या दिवशी येतो तसा. दहा महिने झाले होते, मधे अख्खा पावसाळा गेला होता, आणि एक सोंडा नाही, जाळी नाही, कुबट वास नाही. सासूबाईंना हाक मारली, "आत्ती, या की जरा, वास बघा." त्यांनी मूठभर हातात घेतला, दाताखाली एक दाणा कट्ट केला, आणि काही बोलल्या नाहीत, पण त्याच तांदळाचा भात लावायला घेतला. (त्या भाताबद्दल त्यांची एक तक्रार निघाली, ती शेवटी सांगते.)

या एका पिशवीमागं माझी दोन वर्षं गेलीत, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. खानापूर, बेळगाव, चंदगड या पट्ट्यात ज्यांच्या घरी शेतातून वर्षाचं धान्य येतं त्यांना उपयोग होईल.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, मलप्रभेच्या काठाला. नदी वर कणकुंबीला उगम पावते, आमच्यापर्यंत येईतो अजून लहानच असते, उन्हाळ्यात तर गुडघाभर पाण्यातून पलीकडं जाता येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीच नदी घरात आली. आम्ही बेळगावात होतो, अनगोळला, आणि रस्ते बंद होते त्यामुळं तीन दिवस जाताच आलं नाही. गेलो तेव्हा सोप्यातल्या पोत्यांतलं भात फुगून पोती उसवली होती आणि कणगीतला तांदूळ आंबला होता. तो वास मी विसरणार नाही. सासऱ्यांनी ते सगळं खोऱ्यानं उकिरड्यावर टाकलं, वर्षभर राबून पिकवलेलं, आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. पुढच्या वर्षी लॉकडाऊन लागला तेव्हा घरात जे होतं त्याची किंमत कळली. तेव्हापासून डोक्यात बसलं की निदान वर्ष-दीड वर्षाचा तांदूळ, मसूर, जोंधळा असा भरून ठेवायचा की पाणी, किडा, उंदीर कुणालाच त्याच्यापर्यंत पोचता येऊ नये.

पहिला प्रयत्न फसला. २०२३ च्या जानेवारीत ऑनलाईन चंदेरी पिशव्या मागवल्या, सोबत ऑक्सिजन शोषून घेणाऱ्या पुड्या, इस्त्रीनं तोंडं बंद केली, चाळीस किलो भरला आणि माळ्यावर ठेवून निर्धास्त झाले. ऑक्टोबरात काढला तर आठातल्या पाच पिशव्यांत सोंडे. पिशवी हलवली तर आत पीठ सुळसुळत होतं. पिशव्या बाहेरून अगदी नव्यासारख्या, कुठं फाटल्या नाहीत, कुरतडल्या नाहीत. मला खूप वाईट वाटलं, कारण सासूबाई आधीच म्हणाल्या होत्या, "पिशवी चकचकीत आहे खरं आत काय चाललंय ते दिसतंय व्हय?"

तेव्हा ठरवलं की आता आधी पिशवी तपासायची आणि मगच तिच्यात धान्य घालायचं. चाळीस किलोवर प्रयोग नको, मूठभरावर करू.

किडा येतो कुठून हे आधी समजून घेतलं. आपल्याला वाटतं बाहेरून शिरतो. तसं नसतं बहुतेक वेळा. सोंड्याची मादी दाण्याला सोंडेनं बारीक भोक पाडते, आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतच दाणा खाऊन वाढते, उबदार हवेत महिन्याभरात पुरा किडा होऊन बाहेर पडतो. म्हणजे आपण निवडून पाखडून भरला तरी अंडी आत गेलेलीच असतात. चवळी, मूग, हुलग्याचा भुंगा तर शेतातच शेंगेवर अंडी घालतो, दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात ती अंडी. त्यामुळं पिशवीचं काम नुसतं किडा बाहेर ठेवायचं नाही, आत आधीच असलेल्या किड्याला जगू न देणं हेही तिचंच काम आहे, आणि ते होतं आतला ऑक्सिजन संपवून.

हे ऐकायला परदेशी वाटतं पण आपल्याकडं पेव होतंच की. पूर्वेकडं काळ्या मातीत, गोकाक-सौंदत्तीच्या बाजूला, जमिनीत खोल खड्डा घेऊन जोंधळा भरायचे, कन्नडमध्ये त्याला हगेवू म्हणतात. तोंड मातीनं लिंपून टाकलं की आतलं धान्य आणि किडे श्वास घेऊन घेऊन तिथला ऑक्सिजन संपवतात आणि मग किडे मरतात. म्हणून तर पेव उघडल्यावर लगेच उतरायचं नाही असा दंडक असायचा, घाईनं उतरलेली माणसं गुदमरून गेल्याच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच आज्जीकडून ऐकल्यात. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये १९८० च्या दशकात चवळीच्या भुंग्यासाठी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लोकांनी तीन पदरी पोतं काढलं, आत दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाहेर विणलेलं पोतं, त्याचंही तत्त्व हेच. आपली छोटी पुडी हे काम महिन्याऐवजी एक-दोन दिवसांत करते. पुडीत लोखंडाची बारीक भुकटी आणि मीठ असतं, लोखंड गंजतं आणि गंजताना ऑक्सिजन ओढून घेतं. खिळा गंजतो तेच.

तर आता पिशव्या. बेळगावात रविवार पेठेत पॅकिंगचं सामान मिळतं, तिथून आणि ऑनलाईन मिळून मी सात प्रकार जमवले: साधी पॉलिथिनची जाड पिशवी, झिपचं पारदर्शक पाउच, नक्षीदार व्हॅक्यूमची पिशवी, दोन प्रकारची चंदेरी पाउच, एक खरी फॉईलची जाड पिशवी, आणि कोल्ड्रिंकची धुऊन कडक वाळवलेली दोन लिटरची बाटली.

पहिली चाचणी अंधाऱ्या खोलीत. मोबाईलचा टॉर्च पिशवीच्या आत घालून बाहेरून बघायचं. एका चंदेरी पाउचमधून लाईट असा दिसला जसा पातळ पडद्यातून दिसतो, आणि घडी पडलेल्या जागी चांदण्यांसारखी बारीक भोकं. ही मी २०२३ ला वापरली तीच. नंतर कळलं की चंदेरी दिसणारी प्रत्येक पिशवी ॲल्युमिनियमची नसते, प्लास्टिकवर धातूचा नुसता वाफारा दिलेला असतो, त्याला मेटलाईज्ड म्हणतात. खरी फॉईल असलेली पिशवी टॉर्चला पूर्ण काळी राहते. ओळखायची दुसरी खूण म्हणजे कोपरा चिमटून दुमडायचा, फॉईल असेल तर घडी तशीच राहते, मेटलाईज्ड हळूहळू परत सरळ होते. दुकानात उभ्या उभ्या करता येतं हे, मी आता तसंच करते.

मग जाडी. माझे धाकटे दीर उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत. त्यांना म्हटलं भावजी, मायक्रोमीटर घेऊन या एक दिवस. त्यांनी आणला, आणि प्रत्येक पिशवीला चार-चार ठिकाणी लावून मोजलं, जॉब मोजतात तितक्याच गंभीरपणे. १०० मायक्रॉन म्हणून विकलेली एक पिशवी दोन्ही बाजू मिळून १०० निघाली, म्हणजे एका बाजूला पन्नासच. विकणारा खोटं बोलला असं म्हणता येत नाही पण विचारायला आपल्याला सुचत नाही ना. आता मी विचारते, एका बाजूची जाडी किती. अमेरिकेतले लोक मिल मध्ये सांगतात, त्यांचे ५ मिल म्हणजे आपले सुमारे १२५ मायक्रॉन. तांदळासाठी, टोकदार डाळीसाठी इतकी जाड हवीच, पातळ पिशवी घट्ट बसली की दाण्याचं टोक आतून टोचतं आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. व्हॅक्यूमच्या पिशवीचं माझ्याकडं असंच झालं. पहिल्या दिवशी विटेसारखी कडक, चौथ्या आठवड्यात सैल.

तिसरी चाचणी मला सगळ्यात आवडली. चिरमुऱ्यांची. ओलावा मोजायला कुठलं यंत्र लागतंय, आपल्याकडं पावसाळ्यात चिरमुरा अर्धा तास उघडा राहिला तरी चामट होतो. तव्यावर गरम करून कुरकुरीत केलेले चिरमुरे प्रत्येक पिशवीत दोन मुठी घातले, सील केले आणि २०२४ च्या जूनमध्ये मागच्या पडवीत, जिथं कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तिथं, दोरीला टांगले. प्रत्येक प्रकाराच्या चार-चार पिशव्या, म्हणजे पंधरा दिवसांनी एक फोडायची. बाटल्या दोरीला टांगता येत नव्हत्या म्हणून खाली ओळीनं ठेवल्या. नुसत्या झिपवर बंद केलेलं पाउच पहिल्या फोडणीलाच गेलं, चिरमुरा दाताला चिकटत होता. नुसत्या झिपवर विश्वास ठेवू नका, झिप फक्त फोडल्यानंतर वापरायला. जाड पॉलिथिन महिनाभर टिकलं. बाटली दोन महिने छान, माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त. फॉईलची पिशवी ऑगस्टच्या शेवटी फोडली आणि चिरमुरे कुर्र वाजले. तिथंच त्यांची भडंग केली मुलांना.

चौथी हिंगाची. प्रत्येक पिशवीत खडा हिंग घालून सील केली आणि एकेका स्टीलच्या डब्यात चहापूड घालून तिच्यावर ठेवली, झाकण लावलं. दोन दिवसांनी पॉलिथिनच्या डब्यातल्या चहापुडीला हिंगाचा वास लागला होता. फॉईलच्या डब्यात काहीच नाही. पॉलिथिन पाणी बऱ्यापैकी अडवतं पण वास आणि हवा त्यातून हळूहळू जातच राहते, त्यामुळं पॉलिथिनच्या पिशवीत ऑक्सिजनची पुडी घालणं म्हणजे पैसे वाया. पुडी दमून जाते आणि बाहेरची हवा येतच राहते.

आणि पाचवी सीलची, जिच्यात माझी २०२३ ची चूक सापडली. रिकामी पिशवी हवेनं फुगवून सील करायची आणि बादलीत पाण्याखाली दाबायची. बुडबुडे कुठून येतात बघायचे. मग तीच पिशवी रात्रभर वरवंट्याखाली ठेवायची, सकाळी तितकीच फुगलेली आहे का. रिकाम्या पिशव्या माझ्या जवळजवळ सगळ्या पास झाल्या! मग मला कळेना की तेव्हा काय झालं होतं. म्हणून मुद्दाम तांदूळ भरून, जसा मी नेहमी भरते तसा डब्यानं ओतून, मग वरच्या रिकाम्या भागात हवा ठेवून सील केली आणि पाण्यात दाबली तर पट्टीच्या मधून बुडबुड्यांची रांग. भिंगातून बघितलं. तांदळाची पिठी. ओतताना पिठी उडते आणि पिशवीच्या तोंडाला आतून बसते, सील करताना ती दोन थरांच्या मधे येते, आणि दिसायला पट्टी चिकटलेली दिसते पण आत केसाएवढे रस्ते राहतात. हवेला तेवढं पुरतं. पाच पिशव्यांतले सोंडे तिथल्या हवेवर जगले होते. मेटलाईज्ड पिशवीची भोकं होतीच, पण मुख्य दोष तो होता असं मला वाटतं, कारण नंतर त्याच स्वस्त पिशव्या नीट पुसून सील केल्या तर सहा महिने तरी बऱ्या राहिल्या. महागडी पिशवी आणि पिठीतलं सील यापेक्षा मी साधी पिशवी आणि स्वच्छ सील घेईन.

म्हणून आता पद्धत अशी: वर्तमानपत्राचं नरसाळं नको, शाई लागते, कोऱ्या कागदाचं मोठं नरसाळं करून ते पिशवीत खोलवर घालायचं म्हणजे तोंडाला दाणा शिवतच नाही. भरून झालं की तोंड आतून कोरड्या सुती फडक्यानं पुसायचं. चटणी, भाजणी, बेसन असलं भरताना तर दोनदा, तेलकट चटणी असेल तर पुसून सुद्धा भरवसा नाही, ती मी काचेच्या बरणीतच ठेवते. सील दोन मारायचे, मधे बोटभर अंतर सोडून. इस्त्रीनं होतं, लाटण्यावर तोंड ठेवून इस्त्री फिरवायची, पण प्रत्येक वेळी सारखं तापमान राहत नाही. हँड सीलर मला बाराशेला मिळाला, आठ इंची, तो बरा. जाड फॉईलला त्याचा आकडा वर ठेवायला लागतो आणि दाबून धरून थंड होईपर्यंत सोडायचं नाही. घाई केली तर पट्टी सुटते.

पुड्यांचा हिशेब मी स्वतः केला कारण पाकिटावर लिहिलेलं काही समजत नव्हतं. एक लिटरचं माप तांदळानं काठोकाठ भरलं आणि त्यात पाणी ओतत गेले, काठाला येईपर्यंत साधारण साडेचारशे मिली पाणी मावलं. तेवढी हवा तांदळाच्या फटीत असते. पाच किलो तांदूळ म्हणजे सव्वासहा लिटर, त्यातली हवा पावणेतीन लिटरच्या पुढं, वरची रिकामी जागा धरून तीन लिटर समजा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे ६३० मिली. पुडीवर ३०० सीसी (म्हणजे ३०० मिली) लिहिलं असेल तर दोन कमी पडतात, मी तीन घालते. जोंधळा, मसूर यांच्या फटी वेगळ्या, तेव्हा हे पाण्याचं माप प्रत्येक धान्याला एकदा करून बघा, पाच मिनिटं लागतात.

पुडी जिवंत आहे का तेही बघायला लागतं. ताजी पुडी बोटांनी चुरली तर आत भुकटी सळसळते, संपलेली कडक, गोळा झालेली लागते. पाकिटात एक छोटी गोळी असते, गुलाबी असेल तर पुड्या चांगल्या, निळी-जांभळी झाली तर हवा शिरली. पाकीट फोडलं की पंधरा-वीस मिनिटांत सगळ्या वापरून व्हायला हव्यात, त्यामुळं आधी सगळ्या पिशव्या भरून रांगेत उभ्या करायच्या, घरातली दोन माणसं हाताशी घ्यायची, आणि उरलेल्या पुड्या ताबडतोब लहानशा काचेच्या बाटलीत घट्ट झाकणाखाली.

इथं एक गोष्ट सांगते ज्यानं मला गोंधळात टाकलं होतं. ऑक्सिजन गेला तरी हवेतला बाकीचा पाऊणाहून जास्त भाग नायट्रोजन, तो आतच राहतो. म्हणून पिशवी विटेसारखी कडक झाली नाही तर लगेच घाबरायचं कारण नाही. मी दोन पिशव्या वन्संकडं म्हापशाला पाठवल्या होत्या, चोर्ला घाटानं गाडी गेली. त्यांचा फोन आला, वहिनी तुमची पिशवी किती मस्त आवळून बसलीय. माझ्या घरच्या त्याच दिवशी भरलेल्या पिशव्या तेवढ्या आवळलेल्या नव्हत्या! मला वाटलं माझं सील गेलं. मग डोक्यात उजेड पडला, बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे, हवेचा दाब गोव्यापेक्षा आठेक टक्के कमी, घाट उतरला की बाहेरची हवा पिशवीला जास्त दाबते. गोव्याहून येताना वेफर्सचं पाकीट फुगतं त्याच्या उलटं. पिशवी किती घट्ट दिसते यावरून दोन गावांतल्या पिशव्यांची तुलना करू नका.

आता ओल, कारण ही सगळ्यात महत्त्वाची आणि ह्यात चूक झाली तर जिवावर बेतू शकतं. हवा काढलेल्या पिशवीत ओलसर पदार्थ ठेवला तर ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू वाढतात, त्यातल्या बोट्युलिझमच्या विषाला वास नसतो, चव नसते. अर्धवट वाळलेलं खोबरं, ओलसर सांडगे, लोणचं, शिजवलेलं काही, यात पुडी घालायचीच नाही. अमेरिकेत मॉर्मन चर्चची माणसं घरी वर्षानुवर्षांचं धान्य अशाच फॉईलच्या पिशव्यांत ठेवतात, त्यांचा नियम ओल १० टक्के किंवा कमी, आणि पांढऱ्या तांदळाला थंड कोरड्या जागेत ३० वर्षं सांगतात. आपला तांदूळ बहुतेक १२ ते १४ टक्क्यांचा असतो. म्हणून मी ३० वर्षांच्या गोष्टी करत नाही, माझं लक्ष्य दीड-दोन वर्षं. आणि भरते ती फक्त जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या थंड हवेत, भात खळ्यावर कडक वाळल्यावर मिलला देऊन. तांदूळ झाल्यावर उन्हात टाकायचा नाही, तडे जातात आणि भाताचा चुरा होतो. घरी तपासायला मिठाची युक्ती आहे: तव्यावर भाजून गार केलेलं मीठ दोन चमचे आणि चार मुठी धान्य कोरड्या काचेच्या बाटलीत घालून हलवायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटून बसलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर, भरू नका. नाही चिकटलं म्हणजे १० टक्केच आहे असं मात्र नाही, आडत दुकानात ओल बघायचं यंत्र असतं, ओळखीत असेल तर तिथं मूठभर नेऊन बघावं, मी तेच करते.

प्रत्येकाला एकच न्याय लावू नका. गूळ, साखर, मीठ यांना पुडी नाही, साखर-मिठाचा दगड होतो आणि गुळात ओल फार. शेंगदाणे, तीळ, खोबरं तेलकट, थोडे महिने जास्त टिकतात एवढंच. नाचणा तसाही वर्षानुवर्षं टिकतो, दाणा इतका बारीक की किड्याला त्यात घर करता येत नाही, त्याला पत्र्याचा डबा पुरे, फक्त पीठ करून ठेवू नका. मसूर फॉईलमध्ये उत्तम राहिला. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरचीसाठी मी खास सांगेन, वर्षभरानं रंग बघून माझाच विश्वास बसेना, उजेड आणि हवा दोन्ही नाही म्हटल्यावर लाल तसाच. हुलगे आणि चवळी थोडीच असेल तर सासूबाईंची पद्धत, मडक्यात घालून वर चार बोटं कोरडी वाळू, भुंग्याला वर येऊन फिरता येत नाही, ती मी बदलली नाही.

एक विनंती मात्र कळकळीनं करते. धान्यात टाकायच्या त्या विषारी गोळ्या, सल्फास वगैरे, घरात आणू नका. त्यातून फॉस्फीन वायू निघतो, झोपलेली माणसं उठत नाहीत. गोदामवाल्यांचं काम ते, तेही शिकलेल्या माणसानं करायचं.

फॉईल उंदराला अडवत नाही, एका रात्रीत कोपरा कुरतडतो. त्यामुळं सगळ्या पिशव्या जुन्या पत्र्याच्या कोठीत, कोठी माळ्यावर, भिंतीपासून हातभर लांब. रंगाच्या रिकाम्या बादल्या स्वस्त मिळतात म्हणून कुणी घेऊ नका, कितीही धुतल्या तरी अन्नाला नाहीत त्या. बादली घ्यायचीच तर तळाला त्रिकोणात २ आकडा आणि पेला-काट्याची खूण बघून घ्या. प्रत्येक पिशवीवर मार्करनं धान्य, कुठल्या शेतातलं, भरल्याची तारीख आणि पुड्या किती हे लिहायचं. मी एका कागदावर पण लिहून कोठीच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

आता ती तक्रार. परवाचा भात जेवताना सासूबाई म्हणाल्या, "वास चांगला आलाय गे, खरं तांदूळ जुना झाला नाही की. गचका झालाय भात." खरंच होतं ते. नव्या तांदळासारखाच मऊ, चिकट. ऑक्सिजन नाही, त्यामुळं तो जसा भरला तसाच राहिला होता, आणि आमच्या घरात पाहुण्यांना नवा तांदूळ वाढत नाहीत. मग बसून ठरवलं, येत्या जानेवारीत चाळीस किलो फॉईलमध्ये आणि दहा किलो इंटान जातीचा तांदूळ कणगीत, कडुलिंबाचा पाला घालून, त्यांच्या हातानं. कणगी फुटलीय एका बाजूला. शेण-मातीनं लिंपायला सासूबाई रविवारी गावी जाणार आहेत, मी पण जाते सोबत.